राजूरहून विरोधी बाकांना

प्रति,
महाराष्ट्र विधिमंडळाच्या विरोधी बाकांवरील सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई.



हे पत्र अकोले तालुक्यातल्या राजूरहून लिहिलेले आहे. भंडारदऱ्याचे पाणी आणि रंध्याचा धबधबा पाहायला निघालेल्यांना राजूर वाटेत लागते. चहा पिऊन ते पुढे जातात. घाटघर, साम्रद, रतनवाडी, कुमशेतच्या माणसाचे काम मात्र राजूरलाच असते, कारण एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय इथे आहे. मुलीला आश्रमशाळेत घालायचे, मुलाला वसतिगृहात जागा मिळवायची, शिष्यवृत्ती अडली ती का अडली हे विचारायचे, तर याच कार्यालयाची पायरी चढावी लागते. त्यामुळे ‘सरकारी खर्च’ हा शब्द इथे वर्तमानपत्रापुरता राहत नाही. मुलांच्या जेवणाच्या ताटात आणि वर्गावरच्या पत्र्यात तो रोज दिसतो.

अलीकडे सन्माननीय सदस्यांना एक प्रश्न वारंवार विचारला जातो. सभागृहात समोरच्या बाकांवरून येतो, गावात पारावरून येतो. योजनेला विरोध करता ना, मग निधी कशाला मागता? ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेपासून या प्रश्नाला धार चढली. २८ जून २०२४ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी ती जाहीर केली. अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील २१ ते ६५ वर्षांच्या महिलांना महिना १,५०० रुपये, आणि वर्षाचा अंदाजित खर्च ४६ हजार कोटी. निवडणूक तोंडावर आली म्हणून तिजोरी उघडली, असा आक्षेप विरोधी बाकांवरून घेतला गेला. आक्षेप गैर नव्हता. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात महाविकास आघाडीने महिन्याला ३,००० रुपयांचे आश्वासन दिले आणि आक्षेपाचा जीव गेला. जी गोष्ट १,५०० ला परवडत नव्हती ती ३,००० ला कशी परवडणार, हे समजायला राजूरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

त्या दुप्पट बोलीपेक्षा साधे आणि खरे उत्तर होते. विरोध कायम आहे, पण कायद्याने मंजूर झालेला पैसा आमच्या मतदारसंघातल्या बायकांना पूर्ण आणि वेळेवर मिळाला पाहिजे, आणि तो कुठून आणला याचा हिशेबही मिळाला पाहिजे. या तिन्ही गोष्टी एका दमात सांगता येतात. त्यांत विसंगती नाही.

कारण पैसा कोणाचा, हे आधी पाहावे लागते. अर्थसंकल्पावर चर्चा होते, मागण्यांवर कपात सूचना येतात, मतदान होते आणि शेवटी विनियोजन विधेयक मंजूर होते. त्या क्षणापासून तो खर्च सत्ताधारी पक्षाचा राहत नाही, राज्याचा होतो. विरोधात मत देणाऱ्या सदस्याचे मतदार त्या खर्चासाठी कर भरतच असतात. कुमशेतची बाई मोबाईलला रिचार्ज मारते तेव्हा १८ टक्के जीएसटी देते. तिच्या आमदाराने विधेयकाच्या बाजूने हात वर केला होता की विरोधात, हे पाहून तो कर कमी होत नाही. घेताना तिला कोणी वगळत नाही, मग देताना तिच्या वतीने ‘नको’ म्हणण्याचा अधिकार आमदाराला कुठून मिळाला?

नाकारून पाहिलेल्यांची उदाहरणे आहेत. पंतप्रधान किसान सन्मान योजना २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, शेतकऱ्याला वर्षाला ६,००० रुपये. पश्चिम बंगाल सरकारने ती आपल्या राज्यात लागू होऊ दिली नाही. पैसे राज्याच्या हातून वाटले जावेत, असे ममता बॅनर्जी यांचे म्हणणे होते, आणि संघराज्याच्या दृष्टीने त्या म्हणण्यात तथ्य होते. पण परिणाम काय झाला? १४ मे २०२१ रोजी देशातल्या शेतकऱ्यांना आठवा हप्ता मिळत होता, तेव्हा बंगालच्या शेतकऱ्याला पहिला मिळाला. मधले सात हप्ते म्हणजे १४ हजार रुपये. तत्त्व कोलकात्याचे होते, किंमत कूचबिहारच्या भातशेतीवाल्याने मोजली.

अमेरिकेतही हेच झाले होते. मंदीतून सावरण्यासाठी २००९ च्या फेब्रुवारीत तिथे ७८७ अब्ज डॉलरचा खर्च मंजूर झाला. कनिष्ठ सभागृहातल्या एकाही रिपब्लिकन सदस्याने त्याला मत दिले नाही. साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर मार्क सॅनफर्ड यांनी पुढचे पाऊल टाकले आणि राज्याच्या वाट्यातले सुमारे ७० कोटी डॉलर घ्यायला नकार दिला. त्यातला मोठा हिस्सा शाळांसाठी होता. प्रकरण कोर्टात गेले आणि जूनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पैसे घ्यायला लावले. उलट टोकाला विस्कॉन्सिनचे पॉल रायन. त्यांनी विरोधात मत दिले आणि त्याच वर्षी आपल्या राज्यातल्या संस्थांना त्या निधीतून अनुदान मिळावे म्हणून ऊर्जा खात्याला पत्रे लिहिली. २०१२ साली उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाल्यावर त्यांनी आधी असा निधी मागितल्याचे नाकारले आणि पत्रे समोर आल्यावर कबूल केले. रायन यांनी पत्रे लिहिली हा त्यांचा दोष नव्हता. ती लपवली, हा होता. विरोधात मत दिले तरी आमच्या लोकांचा वाटा आम्ही मागणार, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले असते तर लपवण्यासारखे काही उरलेच नसते.

महाराष्ट्राला मात्र धडा घ्यायला इतक्या लांब जायची गरज नाही.

सरकारी मदतीला सर्वांत तात्त्विक विरोध या भूमीत कोणी केला असेल तर शरद जोशींनी. त्यांच्या शेतकरी संघटनेची घोषणा होती: भीक नको, घामाचे दाम हवेत. सबसिडी नको, निर्यातबंदी नको, भाव पाडण्याचे धोरण नको. तरीही कर्जमुक्तीची मागणी हीच संघटना ताकदीने करत होती. लोकांना तेव्हाही हा विरोधाभास वाटे. जोशींची मांडणी अशी होती की सरकारने भाव पाडून शेतकऱ्याकडून जे काढून घेतले त्याच्यापुढे त्याचे कर्ज काहीच नाही. ते कर्ज फेडण्याचे बंधन शेतकऱ्यावर उरत नाही, तेव्हा कर्जमुक्ती म्हणजे उपकार नव्हे, परतफेड. ही मांडणी पटो न पटो, तिच्यात लपवाछपवी नव्हती. काय घ्यायचे आणि का घ्यायचे, हे भर सभेत लाखो शेतकऱ्यांसमोर सांगितले जात होते.

सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचे उदाहरण याहून जवळचे. शेतकरी कामगार पक्षाचे हे नेते ११ वेळा आमदार झाले. मंत्रिपद दोनदा मिळाले, पण बहुतेक आयुष्य विरोधी बाकांवर गेले. मतदारसंघ पर्जन्यछायेतला, कायमचा दुष्काळी. त्यांनी सरकारांवर टीका केली, आटपाडीच्या पाणी परिषदांना बळ दिले आणि टेंभू-म्हैसाळच्या पाण्यासाठी त्याच सरकारांच्या मागे वर्षानुवर्षे लागून राहिले. सरकार विरोधकांचे आहे म्हणून सांगोल्याला पाणी नको, असे त्यांनी म्हटले असते तर लोकांनी त्यांना ११ वेळा निवडून दिले नसते. आणि पाणी मिळावे म्हणून त्यांनी पक्ष बदलला असता, तरीही कदाचित दिले नसते. ही दुसरी गोष्ट आज अधिक आठवावी अशी आहे. ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ म्हणून सत्तेच्या बाजूला जाणाऱ्यांची रांग महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत पाहिली. निधी हवा तर बाजू बदलावी लागते, हे एकदा मान्य केले की विरोधी बाकांची गरजच उरत नाही.

ज्या निळवंडे धरणाचे पाणी राजूरच्या खालच्या अंगाला प्रवरेत अडते, त्याची कहाणी इथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला पाठ आहे. कल्पना १९७० ची. डाव्या कालव्याचे लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले, तोवर खर्चाचा आकडा ५,१७७ कोटींवर गेला होता. या ५३ वर्षांत काँग्रेस, पुलोद, युती, आघाडी, महायुती, महाविकास आघाडी अशी सगळी सरकारे येऊन गेली. आज विरोधात असलेला उद्या सत्तेत बसला आणि सत्तेतला विरोधात. वाढत्या खर्चावर आणि दिरंगाईवर टीका सर्वांनी केली आणि ती करायलाच हवी होती. पण टीका करणाऱ्याने आपल्या वाट्याचा कालवा नाकारला असता तर संगमनेर, राहाता, सिन्नरच्या जिरायत गावांना अजून वाट पाहावी लागली असती.

आता नकाराला जिथे खरा अर्थ आहे, त्या जागेबद्दल. जे सदस्याच्या स्वतःच्या घरात येते ते नाकारता येते आणि खर्चाला विरोध असेल तर नाकारावेही. २०१७ साली याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला आणि जूनअखेर ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. तिच्या निकषांतून आजी-माजी मंत्री, खासदार, आमदारांना वगळले होते. ‘लाडकी बहीण’च्या निकषांतही आमदार-खासदारांच्या कुटुंबांना जागा नाही. म्हणजे हा फरक सरकारी नियमांनाही कळतो. मग २०१६ साली माजी आमदारांचे निवृत्तिवेतन महिना ५० हजारांवर नेताना तो का कळला नाही? तिजोरीवर ९ लाख कोटींहून अधिक कर्जाचा भार आहे, असे सभागृहात पोटतिडकीने सांगणाऱ्या सदस्याने आधी ही रक्कम सोडण्याचे पत्र सचिवालयाला द्यावे. त्याचे पुढचे प्रत्येक भाषण वेगळ्या वजनाने ऐकले जाईल.

विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाचे तसे नाही. महाराष्ट्राने १९७८ साली कायदा करून ते ठरवले, ते सरकारी तिजोरीतूनच जाते. सरकारवर टीका करणाऱ्याला सरकारच पगार देते, यात लाजिरवाणे काही नाही. टीका हेच ते काम आहे आणि लोकांनी त्यासाठी पैसे मोजले आहेत. राजूरचे मधुकर पिचड १९९५ ते १९९९ या काळात त्या खुर्चीवर होते, त्यामुळे या गावाला ती खुर्ची परकी नाही.

आमदारांच्या स्थानिक विकास निधीचा प्रश्न या दोहोंच्या मधला आहे. वर्षाला ५ कोटींची कामे सुचवण्याचा अधिकार एका माणसाच्या शिफारशीवर चालतो. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्येच खासदार आणि आमदार, दोघांचेही असे निधी बंद करावेत असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली खासदार निधी घटनाबाह्य नसल्याचा निर्वाळा दिला, म्हणजे प्रश्न पुन्हा विधिमंडळांकडेच आला. बिहारमध्ये नितीश कुमारांनी २०१० च्या निवडणुकीनंतर आमदार निधी सर्वांसाठी एकदम बंद केला; पुढे तो वेगळ्या नावाने परतला ही गोष्ट निराळी. ज्या सदस्याला हा निधी तत्त्वतः चुकीचा वाटतो, त्याने एकट्याने तो परत पाठवला तर फक्त त्याचा मतदारसंघ कोरडा राहील. त्याऐवजी त्याने ग्रामसभेपुढे जावे, कामांची यादी तिथे ठरू द्यावी आणि तीच पुढे पाठवावी.

अकोले तालुक्याच्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना हे नवीन नाही. पेसा कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के वाटा अबंध निधी म्हणून थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचे असते. ते नेहमी नीट होते असे नाही. सभेला माणसे कमी येतात, ग्रामसेवक वहीवर सह्या घेऊन मोकळा होतो. पण वाट आखलेली आहे, चालणारे हवेत.

आणि आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहावेसे वाटले ती. आदिवासींच्या विकासाचा पैसा इतर खात्यांत विरून जातो, हे दुखणे जुने. द. म. सुकथनकर समितीने त्यावर उपाय सुचवला: लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ९ टक्के, नियोजनाचा निधी आदिवासी विकास विभागाकडे वेगळा द्यावा. १९९३-९४ पासून महाराष्ट्राने ते सुरू केले, आणि त्या वेळी हे खाते राजूरच्याच पिचडांकडे होते. देशभर त्याला ‘महाराष्ट्र पॅटर्न’ म्हणून ओळखले गेले. या भागाला त्याचा अभिमान आहे. मे २०२५ मध्ये बातमी आली की ‘लाडकी बहीण’च्या हप्त्यासाठी आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी आणि सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी रुपये महिला व बालविकास विभागाकडे वळवले. सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट सत्ताधारी पक्षातले असूनही त्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. तरतूद त्याच समाजघटकांच्या लाभार्थी महिलांसाठी आहे आणि सगळे नियमाप्रमाणे झाले, असे सरकारचे म्हणणे होते.

ते म्हणणे खरे मानले तरी प्रश्न उरतो. घाटघरच्या बाईला मिळणारे १,५०० रुपये तिच्याच मुलीच्या आश्रमशाळेसाठी वेगळ्या राखलेल्या खिशातून येत असतील, तर तिला नवे काय मिळाले? ९ टक्क्यांचा नियम झाला तो शाळा, वसतिगृहे, दवाखाने, पाणी यांसाठी. राज्यातल्या सर्व समाजघटकांतल्या महिलांसाठी असलेल्या योजनेचा आदिवासी वाटा त्याच खात्यावर टाकण्यासाठी नव्हे. इथे विरोध करायला जागा आहे, भरपूर जागा आहे. तिच्या खात्यातले १,५०० रुपये थांबवा, असे म्हणावे लागत नाही. ते कोणाच्या खिशातून दिले, एवढेच विचारायचे आहे.

खर्चाला पैसा कसा उभा करायचा, याचे उत्तर याच राज्याने एकदा देऊन दाखवले आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्या कायद्याची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९ पासून झाली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर लावला गेला. मुंबईतल्या पगारदाराच्या पावतीवर दरमहा कापला जाणारा तो कर खेड्यातल्या बंधाऱ्यावर माती टाकणाऱ्या हातांसाठी होता. दुसऱ्या गरिबाच्या ताटातून घास काढून ती योजना चालली नाही, म्हणून तिला सर्व पक्षांचा आधार मिळाला. तिच्याच धर्तीवर पुढे केंद्राचा मनरेगा कायदा आला. २०१५ साली लोकसभेत पंतप्रधान मोदी यांनी त्याला काँग्रेसच्या अपयशाचे स्मारक म्हटले होते, आणि २०२० च्या टाळेबंदीत त्यांच्याच सरकारने त्यासाठी ४० हजार कोटी रुपये जादा दिले. ते दिले हे बरेच झाले. शहरांतून परतलेल्या मजुरांच्या घरात चूल पेटली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला, ती चर्चा वेगळी.

सत्ताधारी बाकांनाही एक शब्द लागू आहे, आणि तो सन्माननीय सदस्यांनी सभागृहात त्यांच्यापर्यंत पोहोचवावा. २०२२ च्या जूनअखेर सरकार बदलले आणि आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या अनेक कामांना स्थगिती मिळाली. त्या सत्तांतरात बाहेर पडलेल्या आमदारांची स्वतःची तक्रारही निधी मिळत नसल्याची होती. आज निधी रोखणारे काल निधी रोखल्याचे दुःख सांगत होते. वाडीचा रस्ता तिच्या आमदाराच्या पक्षावर अवलंबून ठेवला जातो तेव्हा शिक्षा आमदाराला होत नाही. बाळंतिणीला डोलीत घालून पावसात डोंगर उतरावा लागतो, ती खरी शिक्षा.

तेव्हा येत्या अधिवेशनासाठी राजूरची मागणी मोजकी आहे. ज्या योजनेच्या विरोधात मत दिले तिच्या पैशातून मतदारसंघात काही उभे राहिले, तर त्या फलकावर सदस्यांनी आपले नाव घालू देऊ नये आणि नारळ गावातल्या सर्वांत वयस्क बाईच्या हातून फोडावा. विरोधात मत का दिले हे त्याच कार्यक्रमात दोन वाक्यांत सांगावे. गाव ऐकून घेते. आणि तारांकित प्रश्न विचारावा: आदिवासी विकास विभागाकडून वळवलेल्या ३३५.७० कोटींपैकी किती रक्कम विभागाला परत मिळाली, त्या वर्षी कोणत्या प्रकल्पाची कोणती कामे मागे राहिली, आणि राजूर प्रकल्पातल्या आश्रमशाळांच्या वाट्याला मंजूर तरतुदीपैकी प्रत्यक्ष किती आले. उत्तर शाळावार मागावे. लेखी उत्तराची एक प्रत राजूरच्या प्रकल्प कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवावी. पाड्यांवरून येणारी माणसे ती वाचतील आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांची आश्रमशाळेत शिकलेली मुले वाचून दाखवतील.

कळावे,
राजूर (ता. अकोले) येथील एक मतदार